भाडेकरूंच्या वहीतलं ‘काऊन आले’: याला हवामानामुळे झालेलं स्थलांतर म्हणायचं का?

मानेवाड्याची_काकू

नागपुरात आमच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं देतो. 2009 पासून मी एक वही ठेवली आहे. कोण, कुठून आले, काऊन आले, डिपॉझिट किती. सुरुवातीची पानं सगळी बुटीबोरी नाहीतर हिंगणा एमआयडीसीत लागलेल्या पोट्ट्यांची. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र बायका-मुलं येऊन राहिली, आणि कारण एकच: ‘मुलांचं शिक्षण’.

आत्ताचं कुटुंब नरखेड तालुक्यातलं. बाई आणि दोन मुलं इथे, नवरा वावरात, सासू-सासरे गावात. तो शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे परत. संत्र्याची साडेतीनशे झाडं होती, आता दीडशे राहिली. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना बाईला सहज विचारलं, तर म्हणाली, “काकू, शाळा तर गावातही होती. ऑगस्टात झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला, त्या आठवड्यात यांनी माझ्या बांगड्या गहाण टाकल्या. तेव्हाच ठरवलं, पोट्टे इथं नाही ठेवायचे.”

माझी मुलगी म्हणते, आई, हे हवामान बदलाचं स्थलांतर. मला काही पटून नाही राहिलं. अर्धं घर तर गावातच आहे. आणि वहीत मी ‘शिक्षण’ लिहिलं, ते खोटं का?

संत्रावाला_काटोल

काकू, तो सडा आम्हीही पाह्यला आहे. झाडाखालून चाललं की पायाखाली फळ फुटते, त्याचा आंबूस वास दोन आठवडे जात नाही.

आमचं पीक ताणावर चालते, आणि फुलाचे हंगाम, म्हणजे बहार, दोन. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की जानेवारीत पाणी सोडायचं, मग फूल. मृग बहारासाठी तोच ताण मे महिन्यात, आणि पुढचं पाणी जूनच्या पावसाचं. आता नेमका ताणातच अवकाळी येते. झाडाला वाटते पाणी मिळालं, फुलाऐवजी नवती, म्हणजे कोवळी पानं फुटतात. जूनमध्ये पावसानं दडी मारली की मृग गेला. ऑगस्टात झड लागली की आमच्या भारी काळ्या जमिनीत पाणी थांबते, मुळं सडतात, खोडातून डिंक गळायला लागते. कापूस बुडाला तर पुढच्या वर्षी तुरी-सोयाबीन पेरता येते. संत्र्याला फळ धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात.

म्हणून आम्ही एकदम नाही निघत. आधी सोनं जाते, मग झाडं, मग एक माणूस. माझा धाकटा भाऊ नागपूरजवळच्या वाडीला एका गोडाऊनमध्ये हिशेब लिहिते. दोन वर्षं बागेची फवारणी त्याच्या पगारावर झाली. त्याला स्थलांतरित म्हणून पाहा, भांडायला येईल. म्हणेल, मला नोकरी लागली.

पण सगळं आभाळावरही ढकलू नका. वरुड-मोर्शीकडे हजार-हजार फुटांच्या बोअर आपल्याच लोकांनी मारल्या. बांगलादेशानं आपल्या संत्र्यावर आयात शुल्क वाढवलं तेव्हा भाव पडले, त्यात पावसाचा काय दोष?

निवृत्त_गुरुजी

ताई, तुमची वही सरकारी नमुन्यापेक्षा वाईट नाही. 1991 च्या जनगणनेत मी गणक होतो. स्थलांतराच्या कारणांत तेव्हा ‘दुष्काळ, पूर वगैरे नैसर्गिक आपत्ती’ असा पर्याय होता. 2001 मध्ये तो काढला. उरलं काय, तर काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर. अर्थात तो पर्याय होता तेव्हाही माझ्यासमोर कोणी “पाऊस नाही म्हणून आलो” म्हटलं नाही. “कामाला आलो,” म्हणायचे. मी तेच लिहायचो.

2011 मध्ये देशात 45 कोटींवर लोक स्थलांतरित मोजले गेले. त्यात फार मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. तुमची भाडेकरीण जन्मगाव सोडून नरखेडला आली ती लग्नानं, तिथून नागपूरला आली ती शिक्षणानं. बांगड्यांना रकाना नाही.

नदीकाठचा_तळमजला

आमचा अनुभव उलटा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी आमच्या दिवाणखान्यात. चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, हे मी टेबलावर उभं राहून पाह्यलं. महिनाभर बहिणीकडे राहिलो, रंगरंगोटी केली, परत आलो. पुरानं तीन किलोमीटर हलवलं, तेही तात्पुरतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी नाल्याकाठच्या. त्यांचं आमच्याहून जास्त गेलं, पण त्या कुठेच गेल्या नाहीत. गाळ उपसला आणि तिथेच चूल मांडली. दुसरीकडे जायला डिपॉझिट लागते ना, काकू. तुमच्या वहीत जे आले तेच दिसणार.

आकडेमोड

काकूंच्या मुलीसाठी: जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालात 2050 पर्यंत जगाच्या सहा भागांत मिळून 21.6 कोटी लोक देशातल्या देशात हलतील, असा वरचा अंदाज आहे. त्यात पाणी, पीक, समुद्राची पातळी अशी हळूहळू येणारी संकटं धरली आहेत, अचानक येणारे पूर नाहीत. म्हणजे तळमजलावाले त्यात नाहीतच. आणि हिशेब नकाशावरच्या चौकटींचा: कुठे माणसं कमी होतील, कुठे वाढतील. शनिवारी येऊन सोमवारी जाणारा नवरा कोणत्या चौकटीत टाकायचा, बाप्पा?

मानेवाड्याची_काकू

गुरुजी, रात्री वही काढून ‘शिक्षण’ तसंच ठेवलं, खाली पेन्सिलीनं ‘फळगळ’ लिहिलं. मुलगी हसून राहिली.

आता दुसराच पेच. बाईची धाकटी जाऊ पण यायचं म्हणते, दोन महिन्यांचं डिपॉझिट हप्त्यानं देईन म्हणते. रिकामी आहे ती फक्त गच्चीवरची खोली, आणि तिच्यावर टिन. मे महिन्यात दुपारी दार उघडलं की भट्टीसारखा झोत येतो. 2013 मध्ये पारा 47.9 वर गेला, तेव्हा तिथली प्लास्टिकची बादली वाकडी झाली होती. पोट्टं तिचं दीड वर्षाचं. देऊ का नको?

संत्रावाला_काटोल

मार्चपर्यंत द्या. पुढे ठेवायचं असेल तर टिनाखाली सीलिंग मारून घ्या, वर हिरवी जाळी, खिडकीत कूलर. आणि कूलरमध्ये पाणी कोण भरणार ते डिपॉझिटच्या आधी ठरवा, गच्चीवर नळ नसेल तर भांडणं तिथूनच सुरू होतात.