मदत हवी आहे: शातो मार्गो १९८३ ची बाटली उघडण्याबाबत

नमस्कार,

नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये तुलूज येथे राहतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला शातो मार्गो या बोर्डो भागातल्या रेड वाइनची १९८३ ची बाटली भेट दिली, कारण माझा जन्म त्याच वर्षीचा आहे. येत्या डिसेंबरात आईवडील पुण्याहून येत असून वडिलांच्या पंचाहत्तरीला ती उघडावी असा विचार आहे.

जाणकारांना हे सांगायला नको, पण बोर्डोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत आलेल्या चार शातोंपैकी (म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांपैकी) हे एक. बोर्डोत १९८२ चा गवगवा अधिक असला तरी मार्गो गावापुरते १९८३ हेच साल सरस मानणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे वाइनच्या मूळ दर्जाविषयी मला शंका नाही.

शंका आहे ती माझ्या हातून झालेल्या हयगयीची. सहकाऱ्यांच्या तळघरात ही बाटली वर्षानुवर्षे आडवी आणि थंड राहिली होती. माझ्याकडे आल्यावर मात्र तिने दोन उन्हाळे स्वयंपाकघरालगतच्या कपाटात काढले, आणि इथले उन्हाळे हल्ली कसे असतात ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. आता ती १३ अंशांच्या वाइन-कपाटात आहे. वाइनची पातळी मानेखाली, खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली आहे. चाळीस वर्षांत तेवढी घट समजण्यासारखी आहे, पण बुचावरच्या वेष्टनाच्या कडेला एक चिकट डागही दिसतो. उष्णतेने वाइन प्रसरण पावून बुचाच्या कडेने झिरपली असेल, तर त्याच वाटेने हवाही आत गेली असणार. बाटली न उघडता, नुसती उजेडासमोर धरून रंगावरून काही अंदाज बांधता येतो का?

बूच भुसभुशीत झाले असेल असे गृहीत धरून मी बूच काढायचा दोन पात्यांचा चिमटा आणला आहे. तो वापरलेल्यांनी युक्ती सांगावी. बाटली दोन दिवस आधी उभी ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, एवढे मला माहीत आहे. खरा मतभेद पुढे आहे. दुकानदार म्हणतात, डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओतून दोन तास ठेवा. सहकारी म्हणत की इतक्या जुन्या वाइनचा गंध अर्ध्या तासात उडतो, तेव्हा गाळ वेगळा करण्यापुरतीच ओतावी आणि लगेच प्यावी. माझा कल सहकाऱ्यांकडे आहे, पण तीस-चाळीस वर्षांच्या बोर्डोचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

विकण्याचा सल्ला कृपया देऊ नये. मधल्या दोन उन्हाळ्यांनंतर ती कुणाला विकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

शेवटचा प्रश्न जेवणाचा. वडिलांना वाढदिवसाला आईच्या हातचे झणझणीत मटणच हवे असते, आणि त्यापुढे या नाजूक वाइनचा निभाव लागणार नाही. मटणाआधी नुसत्या वाइनबरोबर काय द्यावे?