मदत हवी आहे: माळ्यावरचं जुनं सामान, काय ठेवायचं आणि काय मोडीत द्यायचं? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय आणि माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान आहे. भाड्याची जागा लहान, सगळं नेणं शक्यच नाही. दीर म्हणतात, सरसकट मोडीत घाला आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही. किंमत येवो न येवो, पण आपण काय देतोय हे कळल्याशिवाय एकही वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं आहे.

पितळेची घंगाळं, बंब, हंडे, परात आहे. काही वाट्या आणि एक थाळा काशाचा की पितळेचा, ते मला ओळखता येत नाही. लोणच्याच्या बरण्या आणि बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. सासूबाईंच्या डब्यात राणीछाप, राजाछाप रुपये निघाले. त्यातच एक तांब्याचं नाणं आहे. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. शेजारचे म्हणतात, याचे लाखो येतात.

पण जीव अडकलाय तो दोन गोष्टींत. एक लक्ष्मीची तसबीर. साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या लावल्या आहेत, काच कोपऱ्यात तडकली आहे. खालच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘रवि वर्मा’ आणि ‘कार्ला-लोणावळा’ एवढं लागतं. भंगारवाला माळ्यावर चढला तो आधी तिच्याकडेच वळला. ‘ही चौकटीसकट द्या, पितळेचा भाव वाढवून देतो,’ म्हणाला. तेव्हापासून शंका आहे. अमेरिकेतल्या नणंदेलाही ती हवी आहे. दुसरा, लाल कापडात बांधलेला मोडी लिपीतल्या कागदांचा रुमाल. घरात कुणालाच वाचता येत नाही.

कृपया जाणकारांनी सांगावं.

भांडीवाला: ताई, थाळ्याला टिचकी मारून बघा. काशाचा असेल तर नाद घंटेसारखा बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर बसतो. काशात तांबं आणि कथील, पितळेत तांबं आणि जस्त. कथील महाग, म्हणून काशाला मोडीतही भाव जास्त. दोन्ही एकाच काट्यावर घालू देऊ नका. घंगाळं, हंडे यांना बहुतेक वेळा धातूचाच भाव मिळतो. मात्र काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय का ते बघा, बाजूला शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८४२ म्हणजे १९२० च्या आसपासचं भांडं. अशी तेवढी ठेवा. बरण्यांना पैसे येत नाहीत, वापरत असाल तर न्या.

नाणेसंग्राहक: रामदरबारवालं नाणं कंपनीचं नाहीच. कंपनीने असली नाणी पाडली नव्हती. ही देवादिकांची बिल्लेवजा नाणी नंतर बनवलेली आहेत, १६१६, १८१८ अशी सालं टाकून बाजारात पोत्याने मिळतात. देवघरात खुशाल ठेवा, पण त्याच्या जोरावर कुणाकडून पैसे येतील अशी आशा धरू नका. ‘लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर तो ठग समजा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कमिशनही घेत नाही. तांब्याचं भांडं तांदूळ ओढतं म्हणून कोट्यवधी देऊ करणारेही त्याच पंथातले.

रुपये मात्र खरे असतील. एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी आहे, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. म्हणजे राजाछाप दिसला की साल बघायचं. नेहमीच्या सालांना चांदीपेक्षा फार जास्त मिळत नाही, पण १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया निघाला तर वेगळा काढा. त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुष्कळ नाणी वितळवली गेली. आणि चिंच, पितांबरी काही लावू नका. घासलेलं नाणं संग्राहक बाजूला सारतो.

तसबिरी_जपणारी: तसबीर कुणालाही देऊ नका! रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुम्ही वाचलेली अक्षरं त्या काळाशी जुळतात. पण नकलाही निघतात, म्हणून काचेतूनच भिंग लावून लक्ष्मीचा गाल बघा. आजच्या छपाईत रंगांचे ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले दिसतात. जुन्या शिळाछापात ठिपके लहानमोठे, हाताने टाकल्यासारखे विखुरलेले असतात. काठावरची जर हाताने शिवलेली असेल तर आणखी चांगलं. चौकट स्वतः उघडू नका, कागद काचेला चिकटलेला असला तर रंग निघून येतो.

नणंदबाईंना सांगा, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार आपल्याला परदेशी नेता येत नाही. तेवढी जुनी नाही असं पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं तरच नेता येईल.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग लावलं. गालावरचे ठिपके विखुरलेलेच आहेत! तसबीर आमच्याबरोबर येणार, दिरांनीही मान्य केलं. थाळा काशाचा निघाला. आता रुमालाचं काय करू?

मोडी_वाचक: वहिनी, त्यात जमिनीचे कागद असू शकतात, म्हणून आधी वाचून घ्या. गाठ सोडून प्रत्येक पान त्याच क्रमाने सपाट ठेवा, दिवसाउजेडी फोटो काढा आणि पहिली दोन पानं इथेच टाका. तारीख आणि गावाचं नाव मी लावून देतो. घरात ठेवायचे नसतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. मराठी ग्रंथ संग्रहालय तर तुमच्या ठाण्यातलंच, १८९३ पासूनचं. तिथेही चौकशी करा. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, दमट हवेत बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात पुन्हा बांधा आणि घर हलवताना टेम्पोत न टाकता स्वतःच्या हातात धरून न्या.