शब्दचर्चा : ‘एकमत’ आणि ‘एकचित्त’

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात ‘ठराव एकमताने मंजूर’ हे शब्द ठरलेलेच असतात. नागपूरच्या मे महिन्यात झालेल्या एका बैठकीत दोन ज्येष्ठ सदस्यांनी काढलेली शंका कूलरच्या घरघरीत चिटणिसांपर्यंत पोचलीच नाही. ते दोघे गप्प बसले आणि इतिवृत्तात पुन्हा ‘एकमताने’ उमटले. बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिलेल्या पत्रात मात्र ‘एकचित्त’ हा शब्द आहे. हे दोन्ही शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. मराठीची क्रियापदेच हा भेद सांगतात. मत आपण देतो, बदलतो, प्रसंगी फिरवतोही. चित्त मात्र लावावे लागते, आणि ते कधी कधी थाऱ्यावर नसते. मत एका प्रश्नापुरते असते, त्याची मोजणी होते. चित्ताची होत नाही. म्हणून एकमत हात वर करून सिद्ध होते आणि त्यानंतरही माणसे एकमेकांपासून दूर राहू शकतात.

पौलाने तेथे वापरलेल्या ‘फ्रोनेइन’ या ग्रीक क्रियापदात विचार करण्याबरोबरच मनाचा कल, मनाची ठेवण हाही अर्थ आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात तेच क्रियापद पुन्हा येते आणि मराठी भाषांतरात त्यासाठी ‘चित्तवृत्ती’ हा शब्द योजला आहे. ही चित्तवृत्ती कोणती, तर ज्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले त्या ख्रिस्ताची. नेतृत्वाच्या दृष्टीने चौथ्या अध्यायातील त्याच मंडळीतील युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांचा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. या दोघींत वाद होता. कोणाचे बरोबर होते हे पौल सांगत नाही, वादाचा विषयही सांगत नाही. तो प्रत्येकीला स्वतंत्रपणे विनंती करतो, म्हणजे एकाच वाक्यात ‘विनंती करतो’ हे क्रियापद दोनदा वापरतो, आणि एका सोबत्याला त्यांना साहाय्य करण्यास सांगतो. ज्याला आज्ञा करता आली असती त्याने विनंती केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एकमत नसतानाही एकचित्त होता येते, याचे उदाहरण आपल्याच गावात आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली; त्यासाठीच्या वाटाघाटी 1929 पासून चालू होत्या. बालकांचा बाप्तिस्मा की सज्ञान विश्वासणाऱ्यांचा, या प्रश्नावर सर्वांचे एकमत झाले नाही, आणि तरीही दोन्ही रीतींना मान्यता देऊन ऐक्य साधले गेले. दक्षिण आशियातील मेथडिस्ट चर्च मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

जाता जाता ‘समजूत’ या शब्दाविषयी. आपल्याकडे समजूत बहुधा ‘घातली’ किंवा ‘काढली’ जाते, आणि ती घालणारा समोरच्याचे ऐकून घेईलच असे नाही. म्हणून परस्परांना उमगलेल्या गोष्टीसाठी मी तो शब्द एकटा वापरणार नाही. ‘परस्पर समजूत’ असे लिहीन.

प्रश्नकर्ता : मग इतिवृत्तात काय लिहावे?

उत्तर : ‘दोन सदस्यांच्या शंकेची नोंद घेऊन बहुमताने मंजूर.’ ‘एकचित्ताने’ तर मुळीच लिहू नये, कारण ते प्रमाणित करण्याचा अधिकार चिटणिसांना नाही. आणि शंका ऐकताना दोन मिनिटे कूलर बंद ठेवावा.