इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर व्हायचंय, डिप्लोमावाल्याने कुठून सुरुवात करावी?

नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीत एका लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. आयटीआय वायरमन केला, मग इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, त्यावर सुपरवायझरचं सर्टिफिकेट काढलं. रोजचं काम यंत्रमागाच्या शेडमधलं, पॅनल, वायरिंग, अर्थिंग. आता मला इन्स्पेक्शनच्या बाजूला जायचंय आणि इथे नीट रस्ता सांगणारं कोणी भेटत नाही म्हणून विचारतोय.

का जायचंय ते आधी सांगतो. शेडमधला जुना बोर्ड उघडला की आत कापसाचे तंतू बसबारला (बोर्डातल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून साठलेले असतात, एखादं टर्मिनल ढिलं पडून तापलं की पेट घ्यायला वेळ लागत नाही. आणि अर्थिंगचं तर विचारूच नका, खड्डा आहे, झाकण आहे, त्यावर तारीखसुद्धा रंगवलेली आहे, पण अर्थ टेस्टरचे दोन खुंटे लांब ठोकून खरंच मोजूया म्हटलं की सगळ्यांना घाई असते आणि रिपोर्टात आकडा मात्र छान लिहिलेला असतो. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका शेडमध्ये मागाच्या बॉडीत करंट उतरला, कामगार जबर जखमी झाला. चौकशीला निरीक्षक साहेब आले होते, त्यांनी एकेक जोड तपासत मूळ शोधलं. मोटरचं वाइंडिंग बॉडीला लागलेलं आणि अर्थची पट्टी रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेली, धातूला टेकतच नव्हती! बाकीचे आम्ही नुसता पट्टी आहे की नाही तेवढंच बघत होतो. तेव्हापासून मला हेच काम करायचंय.

आता अडचण. वीज कायदा 2003 च्या कलम 162 खाली निरीक्षकाची नेमणूक सरकार करतं, म्हणजे नुसता कोर्स करून काही होत नाही, आणि त्या पदासाठी डिग्री लागते असंच सगळे सांगतात. एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) करावी तर 31 मे 2013 नंतर नाव घातलेल्यांची ती सरकारी नोकरीला डिग्री म्हणून धरत नाहीत. मग राहतं थेट सेकंड इयरला ॲडमिशन, पण तीन वर्षं पगार सोडणं घरी परवडणारं नाही. नोकरी सांभाळून पार्टटाइम बीई करून कोणी एमपीएससी दिली आहे का? कसं जमवलं?

दुसरा पर्याय चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअरचा, म्हणजे वीज सुरक्षेच्या तपासणीसाठी सरकारने मान्यता दिलेला इंजिनिअर. डिप्लोमा आणि साइटच्या अनुभवावर कोणी हे ऑथरायझेशन घेतलं असेल तर अर्जाला अनुभवाचे दाखले कसले जोडले ते प्लीज लिहा, कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर चालतं की अजून काही लागतं?

अभ्यासाचं पण सांगा. आमच्याकडचे जुने लोक अजून 1956 च्या रूल्सचे नंबर सांगतात, मी 2010 चे सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) सेफ्टी रेग्युलेशन वाचलेत आणि 2023 ला नवे आलेत, तर परीक्षेसाठी सरळ 2023 चेच धरू ना? सोबत आयएस 3043 (अर्थिंगचं भारतीय मानक) आणि आयएस 732 (वायरिंगचं) चालू आहे, पण नुसतं वाचून हात बसत नाही. कोल्हापूर-सांगली भागात अर्थ टेस्टर, मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर), लूप इम्पिडन्स टेस्टर (फॉल्टच्या वाटेचा अडथळा मोजणारा) स्वतः हाताळायला देणारं ट्रेनिंग कुठे असेल तर नक्की कळवा, रविवारी असलं तर फारच बरं, बाकी दिवस साइट असते.