मदत हवी आहे: ग्रंथालय प्रशिक्षणाचा परिणाम कसा दाखवायचा?

गोदाकाठ: तातडीचं आहे. जुलैत प्रथम वर्षाच्या मुलांना ग्रंथालय वापराचं प्रशिक्षण दिलं. आता नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी समन्वयक म्हणतात, त्याचा परिणाम दाखवा. फीडबॅक फॉर्म दिले, तर ते चालणार नाहीत म्हणे. सोमवारी द्यायचंय. कोणाकडे तयार प्रश्नावली असेल तर टाका, प्लीज.

पानखूण: मुलं किती? सत्र किती वेळाचं? आधी चाचणी घेतली होती का? फॉर्मवर काय विचारलं होतं? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

वाचनकक्ष_९: लिबक्वाल ही ग्रंथालय सेवेची तयार प्रश्नावली बघा. २२ प्रश्न असतात. प्रत्येकाला १ ते ९ मध्ये तीन उत्तरं: किमान किती चालेल, किती हवंय, प्रत्यक्षात किती मिळतं. फरक काढला की सेवा कुठे कमी पडते ते आकड्यात दिसतं. ग्रंथालयशास्त्राच्या एमलिबला मी त्याच धर्तीवर काम केलं होतं.

देवघेव: अहो, ते सेवेचा दर्जा मोजतं. मूल शोधायला शिकलं का, हे त्यातून कसं कळणार? शिवाय ६६ खुणा करायच्या. आमच्याकडची मुलं दुसऱ्या पानापासून सरळ एकच रकाना भरत जातात. त्यापेक्षा कोहातून (ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून) पुस्तकांच्या देवघेवीचा रिपोर्ट काढा, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा.

वाचनकक्ष_९: परीक्षा जवळ आली की बुकबँकेची पुस्तकं जातातच. त्याचं श्रेय प्रशिक्षणाला कसं द्यायचं?

सातपूर_नाका: एन-लिस्टसाठी (कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं-जर्नल्स देणाऱ्या योजनेसाठी) कॉलेजच्या अ‍ॅडमिन खात्यातून मुलांची नावं आणि ईमेल चढवावे लागतात. मग त्यांना घरून वाचता येतं.

गोदाकाठ: एन-लिस्ट सुरू आहे हो, तो प्रश्नच नाही. मुलं १८०, तीन तुकड्या, पाऊण तास. आधी चाचणी नाही घेतली. कोहा नाही, सोल आहे. फॉर्मवर 'सत्र आवडले का' असं होतं, सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं.

अशोकस्तंभ: मी ग्रंथालयातला नाही, पण प्रशिक्षणापेक्षा अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. पेठ-सुरगाणा तालुक्यांतून आलेली मुलं एका खोलीत चौघं राहतात, एमपीएससीचा अभ्यास करायला जागाच नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे या नाशकात, वाचणाऱ्यांची कमी कधीच नव्हती.

देवघेव: मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. गोदाकाठ, सोलमध्येही देवघेवीचे रिपोर्ट निघतात.

पानखूण: आधीची चाचणी नाही, तर आता मागे जाऊन आकडा उभा करू नका. दहा मुलं बोलवा. एकेकाला ओपॅकसमोर (संगणकावरच्या पुस्तकसूचीसमोर) बसवा, 'तुझ्या विषयाचं एक पुस्तक शोध आणि रॅकमधून घेऊन ये' एवढंच सांगा. मध्ये बोलू नका. काय टाइप केलं, कुठे थांबलं, किती मिनिटं लागली ते लिहा.

मी हे केलं तेव्हा एका मुलीनं देवनागरीत 'कुपोषण' टाइप केलं. काहीच आलं नाही. तिनं ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा दोनदा बघितलं, 'माझंच चुकतंय सर' म्हणाली आणि उठली. पुस्तक तिच्या पाठीमागच्या रॅकमध्ये होतं. आमच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत होत्या! सत्रात शिकवलेलं तिनं सगळं बरोबर केलं होतं. वाचकाचा वेळ वाचवा हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम १९३१ पासून आपण पाठ करतोय, आणि तिची वीस मिनिटं आम्ही घालवली. पुढचे चार महिने नोंदी दुरुस्त केल्या. फाइलमध्ये आधी काय अडलं आणि नंतर काय बदललं, दोन्ही लावलं.

वाचनकक्ष_९: दहांवरून १८० जणांबद्दल काही म्हणता येणार नाही, एवढं अहवालात स्पष्ट लिहा.

पानखूण: बरोबर. लिहायलाच हवं.

गोदाकाठ: आत्ता काउंटरवरून बघितलं. आमच्याही मराठी नोंदी रोमनमध्येच आहेत. शनिवारी सुरगाण्याची मुलं गावी जातात, म्हणून शुक्रवारीच बोलावते. पानखूण, तुम्ही निरीक्षणाला कोणते रकाने केले होते, तेवढे टाकाल का?