मदत हवी आहे: व्हिटॅमिन सी आणि फळांनी पोट उतरतं का?
दीड महिना झाला, रोज ५०० मिलीग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी घेतोय आणि रात्रीच्या जेवणाऐवजी फळांचा रस. वजन दोन किलो उतरलं, पण पट्ट्याचं भोक तेच! चरबी वापरायला शरीराला कार्निटिन लागतं आणि ते तयार व्हायला व्हिटॅमिन सी लागतं, एवढं वाचलंय. पण एका मध्यम संत्र्यातच साधारण ७० मिलीग्रॅम मिळतं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. मग गोळीला अर्थ काय? शिवाय रस मी गाळून पितो (चावायचा कंटाळा, खरं सांगतो). चोथा गेला की तासाभरात पुन्हा भूक. अख्खी फळं खाऊन कुणाचा कंबरेचा घेर कमी झालाय का? सोबत आणखी काय केलंत, तेही सांगा.