कॅबिनचे रबर बुश बसलेत : सगळे बदलायचे की फक्त खराब झालेले?

तिरकी पिकअप (धागाकर्ता)

गाडी लॅडर चासीची (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, त्यावर रबरी बुशांवर टेकलेली कॅबिन) डबल कॅब पिकअप. वय विशीच्या पुढे, इंजिन अजून ठणठणीत. त्रास असा की एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं, म्हणजे गाडीला पीळ पडला, की मागच्या सीटखालून 'ठक्' असा एकच जाड आवाज येतो. सपाट रस्त्यावर वेग कितीही असो, काही ऐकू येत नाही. स्टॅबिलायझरच्या लिंक बदलल्या, शॉकचे बुश बदलले, पाट्यांच्या स्प्रिंगांचे बुश तपासून घेतले. आवाज जिथल्या तिथे.

परवा गाडी बाजूने नीट न्याहाळली. कॅबिन आणि हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) यांच्यामधली फट डावीकडे खाली रुंद आणि वर अरुंद दिसते. कॅबिनची मागची डावी बाजू हौद्याच्या रेषेपेक्षा चांगली बोटभर खाली आहे. मागचं डावं दारही हल्ली थोडं उचलून लावावं लागतं. खाली टॉर्च मारला तर त्या कोपऱ्यातला रबर ब्रॅकेटच्या बाहेर फुगून आलाय आणि त्याला आडव्या भेगा आहेत. उजवीकडचे त्यामानाने बरे वाटतात.

मला विचारायचंय ते हे : फक्त डावीकडचे बदलले तर चालतील का? साधा रबर घ्यावा की पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थ, थोडक्यात पॉली)? आणि लिफ्ट नसताना, बॉटल जॅक आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर हे काम होतं का?

माळरान

पॉलियुरेथेन घ्या. माझ्या गाडीत कधीचे बसवलेत, तेल-चिखल कशाचाच परिणाम नाही. कॅबिन चासीला घट्ट धरून असते, वळणावर फरक लगेच कळतो. इंजिनाची थरथर मात्र स्टिअरिंगवर आणि सीटवर आधीपेक्षा जास्त जाणवते, ते मान्य. काम दोघांत होतं. उचलताना पुढे फॅनकडे लक्ष ठेवा.

जुना पाना

तुमचं वर्णन वाचून शंका फारशी उरत नाही, तरी खात्री करून घ्या. लांब टॉमी (लोखंडी पहार) घ्या, ब्रॅकेटच्या जवळ चासी आणि कॅबिनच्या मध्ये घाला आणि हलकेच दाबा. चांगला बुश दबून परत येतो. मेलेला दबतच नाही, किंवा कॅबिन लगेच उचलली जाऊन खाली आपटते. मग खालचा मोठा वॉशर हाताने फिरवून बघा. बोल्ट कसलेला असताना तो वॉशर हाताने फिरला तर खालचा पॅड संपला म्हणून समजा.

आणखी एक खूण मी नेहमी बघतो. बुशाच्या आसपासचा चिखल ब्रशने झाडा आणि ब्रॅकेटच्या भोकाची कड टॉर्चने बघा. सगळीकडे काळा-तपकिरी गंज आणि एकाच बाजूला नखाएवढी जागा चांदीसारखी चकाकणारी दिसली, तर तिथे लोखंड लोखंडाला घासतंय. तुमचा 'ठक्' तिथूनच येतोय. भोक गोल राहिलंय की लांबट झालंय तेही तेव्हाच पाहून घ्या.

आता रचना. प्रत्येक जागी दोन पॅड असतात. वरचा जाड पॅड चासीच्या ब्रॅकेटवर बसतो आणि कॅबिनचं वजन पेलतो. खालचा पातळ पॅड ब्रॅकेटच्या खालून येतो, तो उसळणारी कॅबिन धरून ठेवतो. मधून लोखंडी स्लीव्ह (नळी) जाते आणि स्लीव्हमधून बोल्ट. बोल्ट कितीही कसला तरी रबर ठरावीक मापापलीकडे चिरडू नये, ही त्या स्लीव्हची जबाबदारी. नवे पॅड घेऊन जुनी स्लीव्ह गंजाने खाल्लेली असतानाही परत घालणारे लोक मी बघतो आणि जीव तुटतो. स्लीव्ह आखूड झाली की रबर पहिल्याच दिवशी गरजेपेक्षा जास्त दाबला जातो. पॅड, स्लीव्ह, वॉशर, बोल्ट सगळं नवं घ्या.

फक्त डावीकडचे? नको. सतत वजनाखाली राहून रबर कायमचा बसतो. नव्यापुढे जुना ठेवून बघा, उंचीतला फरक उघड्या डोळ्यांनी दिसेल. उजवीकडचे 'बरे' दिसले तरी तेही बसलेलेच आहेत. एक बाजू नवी केलीत की कॅबिन उलट्या दिशेला कलेल, दारांच्या फटी बिघडतील आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर पीळ येईल. सगळे एकदम बदला, रेडिएटरच्या आधाराखालचे पुढचे दोन धरून. ते दोन बहुतेक जण विसरतात.

रबर की पॉली, यावर माळरान यांचा अनुभव खरा आहे, पण माझं मत वेगळं. कंपनीच्या रबराचा कडकपणा साधारण 50 ते 70 शोर ए (कडकपणाचं माप, आकडा मोठा तितका कडक) असतो, पॉलियुरेथेनचा 80 ते 95. म्हणजे पॉली टिकतो, पण जो धक्का रबर गिळतो तो पॉली कॅबिनच्या पत्र्यापर्यंत पोचवतो. वीस वर्षं जुन्या पत्र्याच्या जोडांना तो धक्का सोसवेल का, हा विचार करा. गाडी डोंगर-दगडांत दामटायची असेल तर पॉली. घरची माणसं बसवून लांब जायचं असेल तर रबर. दोन्ही मिसळू नका, आणि जुन्या टायरचे तुकडे कापून तर मुळीच घालू नका. टायरच्या आत तारा असतात, तो रबरासारखा दबत नाही.

सुटे भाग मागवण्याआधी मात्र एक काम करा. आधी बोल्ट सुटतात का ते बघा. या कामात रबर बदलणं हा सोपा भाग आहे. खरा प्रश्न कॅबिनच्या तळात बंदिस्त असलेल्या नटांचा. पत्र्याच्या पिंजऱ्यात तो नट बसवलेला असतो, पिंजरा गंजला की बोल्टबरोबर नटही गरगर फिरतो. म्हणून आत्तापासून रोज आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा. जिथे जमेल तिथे गालिचा उचलून वरूनही मारा, बऱ्याच गाड्यांत नटाच्या वर रबरी बूच असतं. सोडवताना इम्पॅक्ट गन लावून धडाधड फिरवू नका. हाताच्या पान्याने पाव फेरा सोडा, थोडा परत कसा, पुन्हा सोडा. आट्यांतला गंज असाच बाहेर पडतो. कुरकुर वाढत गेली की थांबा, स्प्रे मारा, दुसऱ्या बोल्टकडे वळा.

आणि टोकदार हातोडीने ब्रॅकेट आणि कॅबिनचा तळ ठोकून बघा. आवाज खणखणीत यायला हवा. पुढच्या चाकामागचा ब्रॅकेट विशेष बघा, चाकाने उडवलेला चिखल तिथे साठून ओला राहतो. लोखंड भुसभुशीत लागलं तर आधी वेल्डिंग, बुश नंतर.

तिरकी पिकअप

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. तुम्ही सांगितलेली चकाकणारी जागा डाव्या मागच्या ब्रॅकेटवर अगदी तशीच सापडली. ब्रॅकेट सगळे खणखणीत आहेत. रबरच घ्यायचं ठरवलं.

सगळे बोल्ट एकेक करून सैल करून पाहिले. बाकीचे सुटतात, पण उजवीकडचा मागचा फिरतोय आणि खाली येत नाही. वर गालिचाखाली बूच नाही, सपाट पत्रा आहे. काय करू? आणि कॅबिन उचलायची कशी तेही सांगा.

जुना पाना

पिंजरा तुटलाय. आधी सोपं करून बघा : टॉमीने कॅबिन आणि ब्रॅकेट यांच्यात ताण द्या, म्हणजे नट पत्र्याला घट्ट टेकेल, आणि तसाच ताण ठेवून बोल्ट फिरवा. कधी कधी एवढ्यावर सुटतो.

नाही सुटला तर वरून खिडकी कापावी लागेल. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीट आणि गालिचा बाजूला करा, खालून त्या जागी ब्रेकची नळी, इंधनाची नळी किंवा वायरिंग जात नाही ना ते स्वतः वाकून बघा. मग नटाच्या वर पत्र्याच्या तीन बाजू कापा आणि चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून झाकण वर वळवा. रिंग पाना घालून नट धरा आणि खालून बोल्ट सोडा. परत बसवताना जाड पट्टीवर वेल्ड केलेला नवा नट ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फिरणार नाही. झाकण बंद करून कडा सीलरने भरा आणि रंग लावा, नाहीतर पाणी तिथूनच शिरेल. गॅस टॉर्चच्या ज्वाळेने बोल्ट तापवायचा मोह टाळा. वर गालिचा, शेजारी नळ्या, आग लागायला वेळ लागत नाही.

आता उचलणं. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून ठोकळे. एका वेळी एकच बाजू. त्या बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे पुष्कळ सैल करा पण आट्यांत राहू द्या, ती तुमची बिजागरी. बॉटल जॅकच्या डोक्यावर लांब, जाड फळी ठेवा आणि ती कॅबिनच्या आडव्या पट्टीखाली घ्या. तळाच्या पातळ पत्र्याला जॅक लावला तर पत्रा आत जाईल. सुरुवातीला पंप मारूनही फट उघडणार नाही. कॅबिनचं वजन उतरलं की स्प्रिंगा चासीला वर ढकलतात आणि चासी कॅबिनच्या मागोमाग येते. घाई करू नका, सावकाश मारत राहा, फट उघडते. पॅडची मान ब्रॅकेटच्या भोकातून निघेल एवढंच उचलायचं, दोन-तीन सेंटीमीटर पुष्कळ झाले.

मदतनीसाला दुसरं काही काम देऊ नका. त्याने फक्त बघत राहायचं आणि काही ताणलं गेलं की ओरडायचं. काय बघायचं? स्टिअरिंगचा दांडा जिथे गिअरबॉक्सला जोडतो तो सांधा. फॅन आणि त्याचं कव्हर, कारण इंजिन चासीवर असतं आणि रेडिएटर बॉडीबरोबर उचलला जातो. कव्हरचे बोल्ट आधीच काढून ठेवा. रेडिएटर आणि हीटरच्या नळ्या, एसीचे पाइप, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, गिअर लिव्हरचं बूट, चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्ट्या. पुढचा बंपर चासीवर आणि त्याच्या कडा बॉडीवर असतील तर तेही सैल करा.

उचलल्याबरोबर फटीत लाकडी ठोकळे घाला आणि मगच पॅडला हात लावा. जॅकच्या भरवशावर बोटं कधीही मध्ये घालू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगेन.

जुने पॅड काढाल तसे पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने मांडा. पुढचे, मधले, मागचे पॅड उंचीला आणि कडकपणाला वेगळे असू शकतात. पॅडखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर त्या कोणत्या जागेच्या ते लिहून ठेवा, त्या कारखान्यातून उंची जुळवण्यासाठी घातलेल्या असतात. नव्या रबराला गंजाचा स्प्रे किंवा ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगतो.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असेल, नवा त्याच दर्जाचा घ्या. 10.9 म्हणजे साधारण 1000 मेगापास्कलला तुटणारं पोलाद, त्याच्या जागी साधा बोल्ट चालत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, दोन्ही बाजू झाल्यावर कॅबिन पूर्ण खाली बसवा, दारांच्या आणि हौद्याच्या फटी बघा, कॅबिन थोडी सरकवायची तर आत्ताच. मगच टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच कसणारा). आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. दुसऱ्या गाडीचा चालणार नाही.

माळरान

चासीत आणि कॅबिनच्या तळात समोरासमोर येणारी रिकामी भोकं आहेत का तेही बघा. काही गाड्यांत असतात. त्यातून सरळ सळई आरपार गेली की कॅबिन जागेवर आली.

तिरकी पिकअप

काम झालं. फिरणारा नट टॉमीच्या ताणाने सुटला नाही, खिडकी कापावीच लागली. सळईची भोकं आमच्या गाडीत होती, माळरान यांचे आभार. कॅबिनची रेषा हौद्याला लागली, दार एका बोटाने लागतं आणि मुद्दाम तिरक्या वाटेने नेऊन पाहिलं, 'ठक्' पूर्ण गेला. स्टिअरिंग सरळ आहे, गिअर नीट पडतात.

एकच गोष्ट : रात्री समोरच्या गाड्या मला डिपर मारतायत. हेडलाइटला तर मी हात लावला नाही.

जुना पाना

हेडलाइट बॉडीवर आहेत आणि बॉडीची उंची बदललीय. तुमचा पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा जास्त उचलला गेला असेल, तेवढ्याने झोत वर जातो. सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून झोत खाली घ्या, पण आजच नको. नवा रबर सुरुवातीला थोडा बसतो. काहीशे किलोमीटर चालवा, सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा आणि त्यानंतर पक्की सेटिंग करा. तोपर्यंत समोरच्याला त्रास नको म्हणून तात्पुरता झोत खाली करून ठेवा. आणि कापलेल्या खिडकीवरचा सीलर पहिल्या पावसानंतर गालिचा उचलून एकदा बघा.